आठ वाजता उपाशी

सातारा, ६ ऑगस्ट

ती. आज्जांस,
ब्राह्मीचा शि. सा. न. वि. वि. आणि जय जिनेंद्र.

फोनवर तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि तुमचं ओरडणं सगळ्या वसतिगृहाला ऐकू येतं, म्हणून हे पत्र.

आमच्या विद्यापीठानं भूकमुक्त परिसर समिती काढलीय. मेस रात्री आठला उघडते. जे आठला येत नाहीत ते गरिबीमुळं उपाशी, असं समितीनं ठरवून टाकलं. आता आपण पडलो दिवस मावळायच्या आत जेवणारी माणसं, त्यात चातुर्मास! वसतिगृहातले सगळे जैन एका झटक्यात गरीब झाले. काल मला स्टेजवर बोलावून धान्याची पिशवी दिली, फोटो काढला. मी कितीदा सांगितलं की सर, मी सहालाच डबा मागवून पोटभर जेवते. सरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, लाजू नकोस बाळ.

खरी उपाशी आहे माझ्या खोलीतली झोया. इथल्याच, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याची. वडील नाहीत, अम्मी कपडे शिवते. मेस परवडत नाही, तरी रोज आठला आमच्या मैत्रिणींबरोबर जाऊन बसते, खालाकडं जेवून आले म्हणते आणि नुसतं पाणी पिते. हजर असते, म्हणजे समितीच्या हिशेबी पोट भरलेलं! माझी पिशवी पुढं केली तर रागावून बोलेनाशी झाली. आता शिक्षण सोडून घरी जाते म्हणते. आज्जा, मला रडू येतंय. काय करू?

आण्णांना यातलं काही सांगू नका. लोभ आहे तसाच ठेवा, ओरडणं तेवढं कमी करा.

तुमची
ब्राह्मी

कवठे महांकाळ, ११ ऑगस्ट

चि. ब्राह्मीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या बापाला मी कशाला सांगू? फोटो पेपरात आलाय. मदनचा बेदाण्याचा धंदा बसला अशी गावभर आवई उठलीय. बाजारात लोक त्याला बळंबळं चहा पाजाय लागल्यात. शेजारच्या वीरधवलनं तर दारात ज्वारीचं पोतं आणून ठेवलं. तुझा बाप लाजून घरात बसलाय आन मी हसून हसून बेजार. ज्वारी लय ग्वाड हाय, परत केली न्हाई.

तुझ्या मैत्रिणीचं वाचून मात्र घास उतरंना झालाय. पोरीला फुकटचं नको ना, मग देऊ नगा. सरळ कुलगुरूंकडं जा. म्हणावं, दिवस हाय तवर चूल पेटवा. कुणीबी यावं, तासभर काम करावं आन पोटभर जेवावं. कुलगुरूंचं पोरगं आलं तर त्येनंबी भांडी घासावीत. मग गरीब कोण ते कुणाला कळतंय? पैसं समितीनं घालावं, पिशव्या वाटायचं तरी वाचतील. आन भाकरी ठेकेदाराकडनं नगं, त्या पोरीच्या गावच्या बायांकडनं इकत घ्या म्हणावं. भिऊन गप बसलीस तर मी सातारला येतो बघ.

कळावं. माया लय हाय, कागद पुरंना.

तुझा
दादासो आज्जा

सातारा, २० सप्टेंबर

आदरणीय आज्जांना झोयाचा सलाम.

ब्राह्मी कणीक मळतेय, म्हणून आज मी लिहिते. कणकीत पाणी जास्त झालं, आता पीठ घालतेय. पीठ जास्त झालं, आता पाणी.

कुलगुरूंसमोर ती काय ओरडली म्हणून सांगू! त्यांनी घाबरूनच हो म्हटलं असणार. साडेपाचला पंगत बसते. सगळेच राबतात, सगळेच जेवतात. कांदा-लसूण नसतो, एवढा एक जुलूम आहे. मी खोलीत कांदा फोडते आणि ब्राह्मी नाक धरून जिन्यात बसते. परवा समितीचे सर आठला मेसमध्ये डोकावले. एकही पोर दिसेना. अख्खं विद्यापीठ उपाशी म्हणून धावत सुटले. त्यांना पकडून आणून कढी पाजावी लागली.

भाकरी आमच्या गल्लीतल्या बायका दुपारच्या एसटीनं पाठवतात. अम्मीनं शिवणाचं मशीन कोपऱ्यात सरकवलंय. काल ती स्वतःच भाकरी घेऊन आली. माझं विद्यापीठ तिनं पहिल्यांदा बघितलं. रोज फोनवर ती जेवलीस का विचारायची आणि मी हो म्हणायचे. काल तिनं काही विचारलं नाही. माझ्या ताटाकडं बघत बसली. मी तिसरी भाकरी घेतली, तेव्हा कुठं तिनं स्वतःचा पहिला घास मोडला.

मी काही घरी जात नाही, आज्जा. ब्राह्मीच्या जोडीनं मलाही आपलीच म्हणा, एवढंच मागणं.

तुमची
झोया