उसवलेली सात पुस्तके

मी, तळमजल्यावर पुस्तकबांधणीचे दुकान चालवणारा, वय बहात्तर, डोळे अधू पण डोके शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहितो. माझ्यावर दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, वरच्या मजल्यावर राहणारी माझी थोरली बहीण, आणि ती अकरा वर्षांत जिना उतरून दुकानात आलेली नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. प्रथम देहाविषयी. माझा अंत्यविधी कॅथलिक रीतीने, मिस्सा ही उपासना करून व्हावा. आमच्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळीतल्या आप्तांना हे खटकेल, म्हणून मी तिकडे कसा गेलो ते एकदाच सांगतो.

बायको जाऊन आठ महिने झाले होते. आमच्या शिकवणीप्रमाणे मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नसते. त्यांचा निकाल लागलेला असतो. रोज तिचे नाव ओठापर्यंत यायचे आणि मी गिळायचो. तेवढ्यात कॅथलिक चर्चचे फादर पाठ मोडलेले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, बांधायला देऊन गेले. मी ते उसवले, तर आत सात अनोळखी पुस्तके! जिना चढून ताईला विचारले. तिने लहानपणी माझ्याकडून शास्त्रातल्या सगळ्या पुस्तकांची नावे तालावर पाठ करून घेतली होती.

"सहासष्ट," ती म्हणाली. "एकही जास्त नाही. कुणीतरी गबाळ्याने दुसरंच काहीतरी शिवलंय आत."

त्या आवृत्तीत प्रत्येक पुस्तक नव्या पानावर सुरू होत होते. मी सातही अलगद बाजूला काढली आणि उरलेले सुबक बांधले. फादर आले तेव्हा फुशारकीने म्हणालो, "मागच्या बांधणाऱ्याने घोळ घातला होता, मी निस्तरला."

फादरांनी पाने चाळली आणि खो-खो हसले. "अहो, तो घोळ सोळाशे वर्षांचा आहे! आमच्या शास्त्रात ती सातही असतात, परत शिवून द्या. घाई नाही. शिवता शिवता वाचलंत तरी चालेल."

वाचले. त्यात एका लढाईनंतर जिवंत राहिलेले सैनिक आपल्या मेलेल्या सोबत्यांसाठी देवाकडे क्षमा मागतात, आणि लिहिणारा त्यांना मूर्ख म्हणत नाही, शहाणे म्हणतो. मी सुई खाली ठेवली. मी उठलो, दार लावले आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा बायकोचे नाव देवासमोर मोठ्याने घेतले. खोली भरल्यासारखी वाटली. मी घाबरलो आणि फार सुखावलो.

देवाजवळ जाण्याआधी माणूस धुऊन स्वच्छ होतो आणि त्या धुण्याला आपण हात लावू शकतो, एवढाच शुद्धिस्थानाचा अर्थ मला समजला आहे. जिवंतपणी आपण एकमेकांना 'माझ्यासाठी प्रार्थना कर' म्हणतोच. मग येशूची आई मारिया हिला आणि संतांना का म्हणू नये? ते आपल्याहून जास्त जिवंत आहेत.

प्रभुभोजनाच्या भाकरीविषयीही लिहितो. ती आम्ही ख्रिस्ताची आठवण म्हणून घेत आलो होतो. तिकडे म्हणतात, आठवण नव्हे, तो स्वतः आहे. मला हसू आले होते. मग एका रविवारी मागच्या बाकावर बसून पाहिले. धुणी धुणारी एक म्हातारी, गुडघे सुजलेले, भाकरीच्या त्या पांढऱ्या चकतीपुढे जमिनीवर टेकली. मनात आले, हे खोटे असेल तर या सगळ्यांना वेड लागले आहे. आणि खरे असेल तर मी पायावर पाय टाकून बसलो आहे कसा? मी पाय खाली घेतला आणि जमिनीवर गुडघे टेकले. आजही टेकतो, वय बहात्तर असले तरी.

२. अवजारे. पुस्तके दाबायचा शिकंजा, सुया आणि दोरा पलीकडच्या गल्लीतल्या बांधणीवाल्याला, सगळे काम खळीने चिकटवतो म्हणून ज्याला मी जन्मभर 'खळखाऊ' म्हणत आलो, त्याला द्यावा. त्याने मरण्यापूर्वी एक तरी पुस्तक नुसते न चिकटवता शिवून पाहावे.

३. जुन्या मंडळीचे कारभारी मला चारचौघांत मूर्तिपूजक म्हणाले. त्यांच्या खिशात आईचा फोटो असतो आणि ते तो रुमालाने पुसतात. कागदावर प्रेम आहे म्हणून नव्हे, आईवर आहे म्हणून. त्या फोटोसाठी त्यांना माझ्याकडची काचेची चौकट द्यावी. राग आता उरलेला नाही, थोडासा असेल.

४. घर. संपूर्ण घर ताईला. अकरा वर्षांपूर्वी मी तिकडे गेलो तेव्हा ती म्हणाली, "मी शिकवलेलं सगळं टाकलंस." नाही टाकले, ताई. तू ज्या घरात मला हात धरून नेलेस, त्याच घराच्या आणखी खोल्या मला सापडल्या.

पहिल्या मसुद्यात मी अट घातली होती की घर घेणाऱ्याने रोज माझ्यासाठी प्रार्थना करावी. वकील म्हणाले, अशी अट घालता येईल. मलाच लाज वाटली. घर देऊन बहिणीच्या तोंडून प्रार्थना काढून घ्यायची? अट खोडली. पण इच्छा खोडता येईना. माझ्यासाठी कोणी मागितलेच तर ते तिने मागावे, एवढेच मला हवे होते.

५. हे कलम आज वाढवले. मसुदा मी वर पाठवला होता. सकाळी ताई अकरा वर्षांत प्रथमच कठड्याला धरून एकेक पायरी उतरली आणि दुकानाच्या दारात उभी राहिली.

"तू गेल्यावर मी तुझ्यासाठी प्रार्थना करणार नाही," ती म्हणाली. "मला ते पटत नाही, आणि खोटं मी बोलणार नाही."

"माहीत आहे गं."

"मग आत्ताच करते. बस खाली."

मी बसलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ती बोलत होती. माझ्या डोळ्यांसाठी, माझ्या हट्टासाठी, माझ्या शेवटच्या घटकेसाठी मागितले. मग थांबली, आणि हळूच म्हणाली, "आणि त्यानंतरच्या सगळ्यासाठी." मी रडलो. तीही रडली.

देवाला आधी आणि नंतर असे काही नसते, असे आम्ही मानतो. आज मागितलेले माझ्या मरणानंतरही पोचते. हे मी तिला सांगितले नाही, नाहीतर तिने हात काढून घेतला असता. ताई, तू हे वाचशील तेव्हा ते पोचलेले असेल.

वरील मजकूर वाचून, समजून, दोघांच्या देखत सही केली.

सही: बांधणीवाला
साक्षीदार १: शेजारचा शिंपी
साक्षीदार २: कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई
ठिकाण: तळमजला, दुकान
दिनांक: चौदा मार्च, शनिवार