यंदा धोंड्याला येणं नाही

छत्रपती संभाजीनगर,
अधिक ज्येष्ठ, शुद्ध पंचमी

रा. रा. कडूबाभाऊ यांस दाजींचा सप्रेम रामराम. वैजापुरात मंडळी खुशाल असतील आणि तुमची कंबर ताळ्यावर आली असेल, असं धरून चालतो. माझी प्रकृती उत्तम. साखर तेवढी वर असते, पण ती पंधरा वर्षांची सोबतीण आहे.

धोंड्याचं आवतण पोचलं. अधिक महिन्यात जावयाला बोलावून, ताटात त्याचे पाय धुऊन पुरणाचे धोंडे वाढायची तुमच्या घरची हौस मी जाणतो. (चौसष्टाव्या वर्षीही मी जावई आहे, हे फक्त तुमच्याच घरी लक्षात राहतं.) यंदा मात्र जमणार नाही. झालं असं, की तुमच्या आक्कानं आंघोळीला जाताना एक जोडवं काढून चपलांच्या फळीवर ठेवलं आणि ते हरवलं. घर पालथं घातलं. धुणंभांडी करणाऱ्या वच्छलाबाईची उलटतपासणी झाली. शेवटी तसंच दुसरं घ्यावं म्हणून मी क्रांती चौकापासून शहागंजापर्यंत पायी गेलो. (डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.) सोनार म्हणाला, नमुना आणा. घरी येऊन बूट काढला तर नमुना बुटातच होता, करंगळीखाली रुतलेला. मोजा रक्तानं भिजला होता आणि मला पत्ता नव्हता.

जोडवं मी गुपचूप देवघरामागं टाकलं. ते सापडलं, वच्छलाबाई सुटली. जखमेत हळद भरून मी भर वैशाखात घरातही मोजे घालून हिंडू लागलो. आक्का म्हणाली, "म्हातारपणी सायबी सुचली व्हय?" पंधरा दिवसांनी वासानं सगळी चोरी उघडी पडली. डॉक्टर म्हणाले, "काका, तोंड रोज आरशात बघता, तळपाय कधी बघितला का?" आता रोज सकाळी आक्का आरसा धरते, मी तळपाय बघतो, मग बूट झटकून घालतो. एवढं निरखून तिनं चाळीस वर्षांत माझं तोंडही पाहिलं नव्हतं.

थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
बद्रीनाथ

ता. क. : जावई रुसला असं गावात कुणी म्हणालं तर म्हणू द्या. जखमेचं बोलू नका.

आणखी ता. क. : वरचं पत्र आक्कानं वाचलंय, म्हणून प्रकृती उत्तम लिहिली. ही चिठ्ठी मागाहून पाकिटात घातली. मंगळवारी करंगळी काढणार आहेत. आणखी उशीर केला तर पाऊल जाईल, असं डॉक्टर म्हणतात. आक्काला मी पट्टी बदलायची आहे एवढंच सांगितलंय. तुम्ही सोमवारीच या आणि तिला सांगा, माझ्यानं होईना. मला भीती वाटते आहे. पण माझ्याजवळ नको, तिच्याजवळ बसा.