सरासरीच्या जमिनीतलं भात

रत्नागिरी, डिसेंबर १९३५

राजमान्य राजेश्री रावजीदादा यांस मेहुणे आत्माराम यांचा नमस्कार. आपला खोकला उतरला असेल आणि काशी माहेरी सुखात असेल, असं धरून चालतो. मीही खुशाल आहे (स्वयंपाक स्वतः करतो, तरीही).

शेतकी खात्यात मी नेमकं करतो काय, असं आपण विचारलंत. यंदा भाताचे तेच चार वाण लांजा, भाट्ये आणि मंडणगड अशा तिन्ही ठिकाणी लावून पाहिले. लांज्यात सात नंबरच्या वाणाने कणग्या भरल्या. तोच सात नंबर भाट्याच्या खाडीकाठच्या खाजणात खारं पाणी लागताच पिवळा पडला, आणि लांज्यात कोणी ढुंकून न पाहिलेला अकरा नंबर तिथे पहिला आला. मंडणगडला गुणाजी नावाच्या गृहस्थांच्या रेड्याने निम्मे वाफे खाल्ले (रेड्याची आवड पुरावा म्हणून चालत नाही). मी हल्ली निघालेल्या नव्या पद्धतीने आकडेमोड केली: पिकातल्या फरकात वाणाचा वाटा किती, जागेचा किती आणि दोघांच्या एकमेकांशी जमण्या-न जमण्याचा किती. हा तिसरा वाटाच सगळ्यांत मोठा निघाला. आमच्या खात्याच्या साहेबांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सगळ्यांची सरासरी काढली आणि सात नंबरच जिल्हाभर द्यायचा ठरवलं.

बी वाटपाच्या सभेत भाट्याचे केरूभाऊ उठले. खाजणाखेरीज त्यांना दुसरी जमीन नाही. म्हणाले, "साहेब, ह्या भात आमच्या खाजनात व्हईल काय?"

"सरासरीने होईल," साहेब म्हणाले.

माझी नोकरी अजून कच्ची. पण ते बी पेरून त्या घराने वर्षभर खाल्लं काय असतं? मी उठून म्हटलं, "सरासरीच्या जमिनीत होईल, साहेब. ती जमीन कुणाकडे आहे, तेवढं विचारू या."

एकही हात वर झाला नाही. साहेबांनी माझा कागद पुन्हा मागून घेतला, या वेळी सुलटा धरला (माणूस वाईट नाही, नुसता घाईत असतो) आणि शेवटी भाट्याला अकरा, लांज्याला सात असा हुकूम झाला. संध्याकाळी केरूभाऊंनी टोपलीभर तिसऱ्या (खाडीतले शिंपले) आणून दिल्या. मला त्या शिजवता येत नाहीत असं कळल्यावर टोपली परत उचलली आणि सोबत मलाही घरी जेवायला नेलं.

वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद.

आपला,
आत्माराम

ता. क. रेड्यामुळे मंडणगडचे आकडे अपुरे राहिले. तेव्हा मी तिथेच जाऊन राहावं आणि ते पुरे करावेत, असं साहेबांनी सभेच्या दुसऱ्याच दिवशी सुचवलं (लेखी).

आणखी ता. क. काशीला हे ठाऊक नाही. ती रत्नागिरीच्या बिऱ्हाडासाठी पडदे शिवते आहे. आपण तिचे थोरले भाऊ, आपणच सांगावं. ती आपल्यावर रागावली तर तडक माझ्याकडे निघून येईल. माझ्यावर रागावली तर आपल्याकडेच राहील, आणि ते आपल्याला झेपायचं नाही.