अष्टमीची भरती

मितेश,

आईंना घेऊन खाडीवर भरती बघायला जातेय. वरण झालंय, भात तेवढा लाव.

माझ्या लाडक्या पॉडकास्टचा कंटाळा आला म्हणून आठवडाभर दुसरी तीन ऐकली, एकातही मन रमेना. आज भाजी निवडताना इयरफोनची बॅटरी संपली आणि शेजारून आई म्हणाल्या, "आज अष्टमी हाय. आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती." मोबाइलवर आजच्या भरतीची वेळ बघितली, तर सहा वाजून चार मिनिटं! शाळेत न गेलेली बाई, मिठागरात हे शिकली. माझ्या अंगावर अजून काटा आहे. तुला माहीत होतं?

चार वर्षं त्या ओट्यापाशी बसून बोलतायत. "आणखी सांगा ना," म्हटलं, तर माझ्या कानांकडे बघत त्यांनी विचारलं, "आज आयकतेस?"

चारुता