सारे बाईंचेच

बाई, आपण देवाघरी गेल्यानंतर मी आपणांस कधी काही लिहिले नाही. आज लिहितो आहे, कारण नातीला काय सांगावे ते सुचत नाही. ती येथे लखनौतच सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. तिला तिच्या गटाची प्रमुख नेमत आहेत. आज उत्तर द्यावयाचे आहे आणि ती नकार देणार आहे. काल मटार सोलता सोलता म्हणाली, “आजोबा, मुझे कुछ नहीं आता. इधर-उधर देखकर काम चला लेती हूँ. किसी दिन पकड़ी जाऊँगी.” मी विचारले, “मग तुझे काम करते कोण?” “हो जाता है, यार,” म्हणाली आणि आजोबांना ‘यार’ म्हटले म्हणून जीभ चावली.

तेव्हा मला आपल्या रेल्वे बंगल्यातले स्वयंपाकघर दिसले. मी चौथी शिकलेला, साहेबांच्या बदलीबरोबर साताऱ्याहून आलेला आचारी. पाहुणे जेवावयास बसले आहेत, सुरळीच्या वड्यांची वाहवा चालली आहे. मी दाराशी हात जोडून म्हणतो, “सारे बाईंचेच.” आपण वाढता वाढता थांबता. “मी आज पिठाला हातही लावलेला नाही. आपले काम दुसऱ्याच्या नावावर घालणे हेही खोटे बोलणेच. माझ्या घरात ते चालावयाचे नाही.” मला भर पंगतीत मेल्याहून मेल्यासारखे झाले. एक पाहुणे हसून म्हणाले, “बरे झाले. आणखी वड्या हव्यात तर कोणाची मनधरणी करायची ते कळले.”

ही हकीकत मी नातीला सांगितली. तिने नीट ऐकली. मग विचारले, “अच्छा, उसके बाद आपको कभी डर नहीं लगा? कि लोग पकड़ लेंगे?” मी ताठ बसून म्हणालो, “कधीच नाही.” तिचा चेहरा उतरला. “हाँ, आप अलग हो,” एवढेच बोलून ती उठून गेली.

आता ती ऑफिसला निघण्याच्या तयारीत आहे. खरे असे आहे, बाई, की मराठी मंडळात अधिकारी मंडळी भेटली की आजही मी प्रत्येक वाक्य आधी मनात घोटतो आणि मगच बोलतो. शिक्षण किती, असे कोणी विचारू नये म्हणून. आपणांस सारे ठाऊक असूनही हे पत्रसुद्धा मी तसेच घोटून लिहिले. ते पाठवावयाचे नाहीच. ती दाराबाहेर पडण्यापूर्वी मला तिच्याशी बोलले पाहिजे, आणि काय बोलावे याचे एकही वाक्य माझ्यापाशी तयार नाही.