तपासणीच्या खोलीतली घरघर

१० नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. सकाळपासून नऊ जण, नऊही जणांचा आलेख डावीकडे खाली बसलेला. जाड आवाज कुणालाच धड ऐकू येत नाहीत. शहापूर तालुक्यात एवढे बहिरे असतील तर एस.टी.ला हॉर्न कशाला ठेवलाय कोण जाणे.

शेवटची हौसाबाई. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीवरून दोन गाड्या बदलून आलेली. तिला हेडफोन लावला, समजावलं — शिटी ऐकू आली की हे बटण दाबायचं. पाच मिनिटं नुसती माझ्याकडे बघत बसली. मग हेडफोन काढून म्हणाली, "बाय, ती घरघर आधी बंद कर. मंग ऐकते तुझी शिटी."

घरघर म्हणजे कॉम्प्युटरची. आमचं कान तपासायचं यंत्र त्यालाच जोडलेलं आहे, बंद कसा करणार? दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसते. मला ती ऐकूच येईनाशी झालीय.

कागदावर लिहिलं, दोन्ही कान, सौम्य ते मध्यम बहिरेपणा. सही केली. तिला गाडीला बसवून दिलं. पाय दुखतायत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नीट झाली नाही. हौसाबाईचं तोंड समोर येत होतं.

दवाखाना उघडायच्या आधी खोलीत जाऊन दार लावलं. कॉम्प्युटर बंद — मोबाईलमधल्या आवाज मोजायच्या ॲपवर बत्तीस डेसिबल. चालू केला — अठ्ठेचाळीस. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पाच वेळा केलं.

सोळाचा फरक! म्हणजे हळू वाजलेली जाड शिटी त्या घरघरीत बुडते आणि मी माणसाला बहिरं ठरवते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कॉम्प्युटर बाहेर पॅसेजमध्ये ठेवून पाहिला. एवढ्या लांब वायरीवर यंत्र मध्येच बंद पडतं. दोनदा पडलं. परत आत आणला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांना सांगितलं. ते चाळीस पेशंट बघून दमलेले. म्हणाले, नवीन कॉम्प्युटरचा अर्ज मागच्या वर्षीच दिलाय, कपाटात पडून आहे. जुन्या सामानातून काही करता येत असेल तर करा. आणि हसले, "दिपिका, पंखा तर ओपीडीतही घरघरतो."

घरी आले तर मामांची गोळी राहिलेली. मामा म्हणजे सासरे, सावळाराम. मागच्या ओटीवर खाटेवर बसून असतात. तीनदा ओरडून विचारलं तेव्हा मान हलवली. त्यांच्यासाठी ओरडून, नवऱ्याला म्हणजे अनंताला भाजी गरम करून, उद्याचं पीठ मळून — घसा बसला. आटगावातल्या सगळ्या आळीला कळतं आमच्या घरी कोणी गोळी घेतली नाही ते.

कानाची तपासणी मीच केली होती त्यांची. नोकरीला लागून पंधरा दिवस झालेले. याच खोलीत.

हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. किन्हवलीवरून मुरबाडला गेले. मनोज माझ्या बारावीच्या वर्गातला, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. मग एक साधी गोष्ट सांगितली, जी मला दोन वर्षांत कुणी सांगितली नव्हती. कॉम्प्युटरचा डबा लहान असला की पंखे लहान. लहान पंख्याला तेवढाच वारा द्यायला जिवाच्या आकांतानं फिरावं लागतं, म्हणून तो ओरडतो. डबा मोठा घे, वीतभर पंखे लाव, ते निवांत फिरतील.

दुकानाच्या मागं त्याच्याकडे एक पडून होता. कुठल्याशा बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला टॉवर. केवढा मोठा! माझ्या कमरेला लागतो. आत पालीची अंडी आणि धूळ. मनोज म्हणाला, आतलं सामान मी जमवतो, पण जोडायचं तू. मी एकटा आहे दुकानात, माझ्याकडे वेळ नाही.

मी म्हटलं, जोडीन.

एवढ्या थकव्यात हे शब्द कुठून आले?

१९ नोव्हेंबर, बुधवार

गेल्या दोन वर्षांची वही काढली. जाड आवाजाचे आकडे सगळ्यांचे वाईट. कॉलेजच्या पोरींचेसुद्धा. हे मला दिसलं कसं नाही? बंद केली.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुरबाड. सकाळी नऊपासून तीनपर्यंत जमिनीवर बसून.

टॉवर ओल्या फडक्यानं आतून पुसला. मदरबोर्ड बसवला — नऊ स्क्रू, एक हरवला, तो माझ्याच मांडीखाली सापडला. प्रोसेसरवर मुगाएवढी पेस्ट लावायची, त्यावर पत्र्याच्या पातळ पापुद्र्यांचा गठ्ठा बसवायचा. चांगला कोबीएवढा असतो. उष्णता तो शोषतो, मग पंख्याला घाई नाही. फिरणारी हार्ड डिस्क मनोजनं घेतलीच नाही. त्याऐवजी चपटी एसएसडी, ज्यात हलणारं काही नाही. पंखे तीन. स्क्रूऐवजी रबरी खुंट्यांवर अडकवले, म्हणजे त्यांची थरथर पत्र्याला जात नाही.

बटण दाबलं. काहीच झालं नाही.

मला रडू येईल असं वाटलं. मनोजनं गिऱ्हाईक सोडून येऊन बघितलं, एक वायर एका घरानं चुकली होती. ती काढून लावली. पंखे फिरले. कान लावला तरी आवाज नाही, हात लावला तर वारा लागतो. मी हात लावूनच उभी राहिले.

मग पत्र्याचं झाकण लावलं आणि सगळा डबा खुळखुळायला लागला.

घरी आले तर अनंता म्हणाला, भात झोडायला माणसं आली होती, जेवण कुणी केलं माहितीये का, मी. भातसानगरच्या कॉलनीत त्याची नोकरी, आठवड्याची एक सुट्टी, तीही अशी गेली. त्याचं बरोबर आहे. 

३० नोव्हेंबर, रविवार

खुळखुळ गेली. झाकणाच्या आतून जाड फोम चिकटवला, कडेला दाराला लावतात ती रबराची पट्टी. पट्टी तीनदा वाकडी लागली, तीनदा काढली. नखं दुखतायत. पण आता झाकण लावल्यावर फ्रिजच्या दारासारखा मऊ आवाज येतो.

टमटमवाला म्हणाला, ताई, हे कपाट आहे का? मी म्हटलं, हो. समजावायची ताकद नव्हती. आटगावपर्यंत मांडीवर टेकवून आणला.

मामांनी ओटीवरून बघितलं. बराच वेळ बघत होते. मी ओरडून सांगितलं, कॉम्प्युटर, दवाखान्याचा! त्यांनी मान हलवली.

१ डिसेंबर, सोमवार

बसवला. चौतीस.

डॉक्टर आत आले, म्हणाले, चालू कर की. मी म्हटलं, चालूच आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

आज सात जण. पाच जणांचे कान चांगले. पाच! आधी आनंद झाला, मग दोन वर्षांची वही पुन्हा काढली.

४ डिसेंबर, गुरुवार

वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. सरळ सांगितलं, माझे दोन वर्षांचे कागद चुकीचे असू शकतात. त्यांनी वहीची पानं चाळली. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाले, तुझे नाही, आपले. ज्यांना कानात यंत्र दिलंय त्यांना आधी बोलव. बाकीचे हळूहळू.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

हौसाबाईच्या वाडीवर फोन लागत नाही. तिथल्या आशाताईकडे निरोप ठेवला.

यादीत पहिलं नाव मामांचं आहे. तारखेनं तेच पहिले.

६ डिसेंबर, शनिवार

मामांना घेऊन गेले. यायला तयार नव्हते. "कशाला गो आता? झालीय ना एकदा." दोनदा म्हणाले. मी हाताला धरून उठवलं.

हेडफोन लावला. मोठ्या आवाजापासून सुरुवात केली, लगेच दाबलं. खाली आणला, दाबलं. अजून खाली. मला वाटलं अंदाजानं दाबतायत, म्हणून मुद्दाम मध्येच शिटी दिलीच नाही. दाबलं नाही. दिली, दाबलं.

डावा वीस. उजवा वीस. म्हणजे चांगले. अगदी बारीक, उंच पट्टीच्या आवाजाला पस्तीस, ते वयाचं. मागचा कागद काढला. चाळीस आणि पंचेचाळीस, खाली माझी सही.

ओरडायची सवय. पण त्या शांत खोलीत ओरडवेना. हळूच विचारलं, तोंड दुसरीकडे करून,

"मामा, तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"गेलं कधी होतं?" म्हणाले.

मग सांगितलं त्यांनी, मांडीवर हात ठेवून, शेताचं काही सांगावं तसं. त्या दिवशी खोलीत मोटर चालल्यासारखी घरघर होती. शिटी आली नाही, म्हणून बटण दाबलं नाही. खोटं कसं दाबणार? मी कागद वाचून दाखवला, अनंताला सांगितलं, डॉक्टरांनी मान डोलावली. "तू नुकती लागलेली नोकरीला. घरात पहिली बाय अशी कागदावर सही करणारी. मी बोललो असतो, मला येतंय ऐकू, तर सगळ्यांदेखत तुझं खोटं झालं असतं. म्हटलं, राहू दे. चार दिवसांनी सांगू."

"मग सांगितलं का नाही?"

"मंग बरं वाटायला लागलं. कोण काय विचारीत नाय, कोण मधे घेत नाय. बसावं आपलं." हातातलं बटण माझ्याकडे दिलं. "नंतर नंतर नाय बरं वाटलं. पण तवर उशीर झालेला."

कानातलं यंत्र? डबीत. एकदाही सेल घातला नाही.

येताना टमटममध्ये ते शेजारी. मी रस्त्याकडे बघत होते.

७ डिसेंबर, रविवार

सकाळपासून एकच चाललंय डोक्यात. दोन वर्षं आम्ही त्यांच्या समोर बोलतोय. कामाचं तेवढं ओरडून, बाकी सगळं साध्या आवाजात. ते ऐकत होते. सगळं.

नणंदेकडे, रंगूताईकडे, सहा महिने पाठवावं का, हे मी आणि अनंता त्यांच्या खाटेशेजारी बसून बोललो. ती ठेवून घेणार नाही, हेही. त्यांचं खोकणं, त्यांचं धोतर, त्यांचा वास. मी बोललेय. भांडी घासता घासता, त्यांच्या पाठीमागे नाही, तोंडावर.

आणि श्रावणातलं ते. माझ्या बहिणीचा फोन होता, मीनाचा. मी ओटीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होते, ते दोन हातांवर. त्या दिवशी ताप होता मला. ती म्हणाली, तू स्वतःकडे बघ जरा. मी म्हटलं, "हे एकदाचे गेले की सुटेन बघ मी."

हे मी बोलले. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाट मागच्या ओटीवर हलवली होती. म्हणाले, तिकडं वारा येतो. मला बरंच वाटलं, पुढची ओटी झाडायला मोकळी झाली.

संध्याकाळी अनंताला सगळं सांगितलं. तो खाली मान घालून बसला. म्हणाला, तू एकटी नाही बोललीस. मग उठून मागे गेला, बापाच्या खाटेवर बसला.  मी स्वयंपाकघरातून बघत होते. भाकरी करपली.

मी जाऊ शकले नाही. काय म्हणणार होते जाऊन? चुकलं म्हणून? असं वाक्य बोलल्यावर चुकलं कसं म्हणतात?

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी चहा घेऊन गेले. ओरडले नाही. साध्या आवाजात म्हटलं, मामा, चहा.

त्यांनी कप घेतला, बशीत ओतला, फुंकर घातली. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मीनाला फोन लाव. सांग तिला, अजून धा वर्सं तरी तू सुटत नाय."

मी त्यांच्या खाटेवर बसले. साडेआठची गाडी चुकली. चुकू दे.