जॉबकार्डावरचा चौथा सुतार

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा कमरेतून वाकून नमस्कार. (वाकलो की उसण भरते, पण तुझ्यासाठी चालेल.) तुझा खोकला कसा आहे? वहिनीच्या गुडघ्याला आराम पडला का? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

कारखान्यात माझी जी शोभा झाली ती तुला कळवायलाच हवी. आपल्याकडे प्रत्येक ऑर्डरीचं वेगळं जॉबकार्ड असतं, त्यावर लाकूड किती आणि कोणत्या सुताराचे तास किती ते मी लिहितो, हे तुला सांगायला नको. भाडं, वीज, वॉचमन आणि मी, असा जो खर्च कुठल्याच एका टेबलाचा नसतो, तो वरकड म्हणून तासांच्या हिशोबाने सगळ्या ऑर्डरींवर वाटायचा. (अठरा वर्षं मी वरकडात आहे. सवय झाली.) तर एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी पुस्तकांचं कपाट करायला दिलं होतं. बाई रोज येऊन स्टुलावर बसायच्या आणि काम बघायच्या. बिल हातात पडल्यावर त्यांनी चष्मा पुसला, जॉबकार्ड मागवलं आणि विचारलं, "कपाटावर माणसं तीन होती. हा रोज आठ तासवाला चौथा कोण?" बघतो तर सहा आठवडे रोजच्या रोज तू. अक्षर माझंच. कार्ड काढलं की पहिली ओळ तुझी, हे हाताला इतकं वळण पडलंय की त्याने डोक्याला विचारलंच नाही. मी म्हटलं, "माझा भाऊ." "मग कधी दिसले नाहीत ते?" मी लाल पेन शोधायला लागलो.

तुझे तास खोडले, बिल उतरलं, बाई खूश. मालकांनी मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पण तुझ्या तासांवर चढवलेला वरकड खर्च जाणार कुठे? तो बाकीच्या ऑर्डरींवर वाटावा लागला. या महिन्यात इथून गेलेल्या प्रत्येक टेबलावर, खुर्चीवर तू नसल्याचा थोडा थोडा भार आहे, दादा. मी स्वतः वाटलाय.

तू काम सोडून गेलास तोही कार्डापायीच. एका खुर्चीला तुला एकोणीस तास लागले, ते मी चारचौघांत वाचून दाखवले. आकडा खरा होता, पण मोठ्याने वाचायचं काही कारण नव्हतं. (अकरा तासांत झालेल्या खुर्च्या डुगडुगत परत आल्या. तुझी आली नाही.) चुकलं माझं. तुझी फार आठवण येते.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझा धाकटा

ता.क. मालक म्हणाले, दादाची जागा मोकळी ठेवली आहे, लगेच बोलावून घे.

ता. ता.क. मालक असं काही म्हणालेले नाहीत. तुझ्या जागी नवा माणूस आलाय, हात चलाख आहे. तुझ्यावाचून कारखान्याचं काही अडलेलं नाही. माझं अडलंय. कामाला नको, नुसता ये.